चाळीस पावलांवरचा नारळ

८ जानेवारी २००७, सोमवार

चपला घालूनच उत्तम माझ्या ओट्यावर चढला. सकाळीच पुसलेली लादी, आणि याच्या चपलांना गटाराचा चिखल. वर म्हणतो कसा, "काकी, औंदाचा नारळ आमी फोडनार. तुज्या घरान आता बंदूक धरनारा कोन हाय?" बसला नाही, पाणी मागितलं नाही. मागितलं असतं तर दिलंच असतं असं नाही.

बरं. आता नमस्कार. मी अनसूया. राहणार भाईंदरजवळ राई, वय सासष्ट, शाळा दुसरीपर्यंत. पुढचं साक्षरता वर्गात शिकले. ही वही बिल्डरने दिवाळीत वाटली. आमच्या अर्ध्या शेतावर त्याची इमारत उभी आहे. दर पानाखाली छापलंय, आपलं स्वप्न आमची जबाबदारी. माझं स्वप्न त्याला काय ठाऊक.

उत्तम माझ्या दिराचा मुलगा. आमच्या आळीच्या होळीला एक रीत आहे. होळीच्या शेंड्याला सोललेला नारळ बांधतात. होळी पेटवायच्या आधी, उन्हं कलताना, चाळीस पावलांवरून ठासणीच्या बंदुकीने एका गोळीत तो फोडायचा. पलीकडे खाजण आणि खाडी, माणूसकाणूस नाही. हा मान आमच्या घराचा, सासऱ्यांपासून. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, जितूचा बाप म्हणेन. तो तीस वर्षं फोडत होता. नियम असा की दोनदा चुकलं तर मान दुसऱ्या घराला, कायमचा. एकदा चुकून झालंय, दोन हजार पाचच्या होळीला. प्याला होता. सगळ्यांनी पाहिलं. त्याच श्रावणात गेला. गेल्या होळीला त्याचं वर्ष झालं नव्हतं म्हणून नारळ हाताने उतरवला. म्हणजे माझ्या घराकडे एकच गोळी आहे.

बंदूक शेताच्या राखणीची, डुकरांसाठी घेतलेली. परवाना माझ्या नावावर करून घ्यायला ठाण्याला सात खेपा घातल्या. तिथला साहेब म्हणाला, "आजी, तुम्ही बंदूक घेऊन काय करणार?" म्हटलं, "तुम्ही खुर्ची घेऊन काय करता?" सही केली.

उत्तमला सांगितलं, नारळ मी फोडणार. हसला. "काकी, तुजा चष्मा कुठं हाय?"

"डोळ्यावर हाय. तुझ्या चपला कुठे आहेत ते नीट दिसतंय मला."

१४ जानेवारी, रविवार

पेटी उघडली. दारू ठेवायचा डबा, वेळूच्या कांड्याचं माप, गोळ्या ओतायचा साचा, ठिणगी पाडणाऱ्या केपांची डबी. जुन्या दारूचे खडे झाले होते, ती फेकली. नवी परवान्यावर ठाण्याच्या दुकानातून आणली. दुकानातला माणूस माझ्याकडे बघून आत जाऊन मालकाला घेऊन आला. दोघांनी मिळून बघितलं.

बंद पडलेल्या मिठागरात गेले. मागे मातीचा उंच बांध, त्याच्यामागे खाडी. बांधाला गोणपाट लावलं, त्यावर चुन्याचा गोल काढला. बांबूचं दोन फाट्यांचं बेळकं रोवून त्यावर नळी टेकवली. आता आमचा कारभार असा. माप भरून दारू नळीत ओतायची. गोळी चिंधीत धरून तोंडात बसवायची, गजाने खालपर्यंत ठासायची. मागे केप ठेवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. तीस वर्षं दारातून बघितलंय, हातात कधी दिली नाही मेल्याने.

पहिली गोळी कुठे गेली देवाला माहीत. दुसरी गोणपाटाच्या डावीकडे चार हात. तिसरी माझ्यापासून वीस पावलांवर चिखलात. खांदा बंदुकीने फोडला.

घरी आले तर सून शैला दारात. "आई, क्षितिजाची दहावी आहे. पोरगी पुस्तक घेऊन बसली की तुम्ही बार उडवताय."

"मग इतिहास वाच म्हणावं तिला. त्यात बार असतातच."

जितू म्हणाला, "आई, लोक हसतील." त्याच्या बापाला लोक हसले तेव्हा हा ऑफिसात होता. हसण्याची त्याला फार माहिती.

१५ जानेवारी

उजवा हात वर होत नाही. भाकरी डाव्या हाताने थापली. तिला कोकणाचा किनारा झाला. कुणी काही बोललं नाही. बोलून बघायचं होतं.

२१ जानेवारी, रविवार

इमारतीतून एक माणूस खाली आला. मला वाटलं भांडायला, म्हणून तोंड तयार ठेवलं.

"मावशी, मागल्या रविवारपासून खिडकीतून बघायलोय. तुम्ही मारायलात तरी कुणाला?"

"नारळाला."

"मग त्यो नारळ लई सुखात हाय."

माणूस बरा निघाला. नाव केरबा. नांदेडकडचा, सैन्यातून निवृत्त, आता भाईंदर पूर्वेला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. मी रामराम केला, त्याने जय भीम केला. बंदूक मागितली. मी परवाना दाखवला, बंदूक दिली नाही, माझ्याच हातात ठेवून बघ म्हटलं. तो खूश झाला. म्हणाला, असंच पाहिजे.

नळीच्या तोंडात बोट घालायला लावलं. आत वळसे लागतात. जिन्यासारखे. इतकी वर्षं घरात आहे, मला माहीत नव्हतं.

"ही साधी नळी नव्हं, पेचाची हाय. गोळीनं ह्या पेचात अडकून गिरकी घेत बाहेर पडलं पाहिजे, भोवऱ्यावानी. गिरकी घेतली तर सरळ जाती. न्हाई घेतली तर तुमच्या गोळीसारखी गावभर फिरती." मग म्हणाला, "एका बारी एकच गोष्ट बदलायची, मावशी. आणि लिहून ठेवायची. सगळं एकदम बदललं तर काय बिघडलं ते ब्रह्मदेवाला बी कळणार न्हाई."

आमटीचं पण तसंच असतं. मीठ आणि चिंच एकदम घातली की सून नवऱ्याला दोष देते.

सुरुवात कशापासून करायची विचारलं. म्हणाला दारूपासून. पुरुषाची जात.

२३ जानेवारी

उत्तमने पोलिसात सांगितलं की म्हातारी वस्तीत गोळ्या झाडते. हवालदार आला. परवाना बघितला, मिठागर बघितलं, बांध बघितला, मला बघितलं. म्हणाला, "आजी, जपून." उत्तम लांब कोपऱ्यावर स्कूटरवर बसून होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हवालदाराला चहा विचारला. तो प्यायला सुद्धा.

२८ जानेवारी, रविवार

आज पंधरा गोळ्या. केरबा गोणपाटाशी जाऊन खुणा करत होता, मी हाक मारेपर्यंत बांधाच्या आडोशाला.

भरलेलं माप, पाच गोळ्या. तीन गोणपाटावर तीन दिशांना, दोन बाहेर. खांद्याचा जीव गेला.

पाऊण माप, पाच गोळ्या. पाचही गोणपाटावर. पसारा सुपाएवढा.

अर्धं माप, पाच गोळ्या. सगळ्या खाली. गोळी थकून पडते, माझ्या गुडघ्यांसारखी.

म्हणजे पाऊण. वेळूच्या मापावर आतून एक बारीक खाच आहे, पाऊणावरच. जितूच्या बापाने पाडलेली. मला वाटायचं किडीने खाल्लंय. सांगून गेला असता तर माझा खांदा वाचला असता. पण सांगेल तर तो कसला.

३१ जानेवारी

पाली गावची कोळीण चंपा मासळी घेऊन आली. तिला गोळ्या दाखवल्या. घरात कसलंतरी जुनं शिसं पडलं होतं, त्याच्या मी ओतल्या होत्या. चंपाने एक दातात धरली. "शी. ही बॅटरीतली हाय. कडक. आमच्या जालीचं शिसं बघ, मऊ. तुजा घरवाला दर साली माज्याकडूनच न्यायचा, ठाव न्हाय तुला?"

"न्हाय."

"आनि बदल्यान पापड द्यायचा. तुजेच असतील."

माझेच. दर वर्षी दहा-बारा पापड कमी भरायचे. मी उंदीर पकडायला पिंजरा लावला होता.

२ फेब्रुवारी

जाळ्याचं शिसं वितळवून बावीस गोळ्या ओतल्या. सात टाकल्या. कुणाला भोक, कुणाला सुरकुती. केरबा म्हणतो, पोकळ गोळी डगमगते. मी हलवून, बोटावर फिरवून, मग घेते. जितूला मुलगी सांगून आली तेव्हासुद्धा एवढं बघितलं नव्हतं. शैलाने हे वाचलं तर वाचू दे. निवड वाईट नाही झाली.

४ फेब्रुवारी, रविवार

पाऊण माप, मऊ शिसं, आठ गोळ्या. पसारा ताटाएवढा. सुपावरून ताटावर आले. पण नारळ ताटाएवढा नसतो. मधेच एखादी गोळी माहेरी निघाल्यासारखी भलतीकडे जाते.

केरबा बांधाकडे न जाता माझ्यापुढे दहा पावलांवर खाली काहीतरी वेचायला लागला. गोळीबरोबर उडून पडलेल्या चिंध्या. जितूच्या जुन्या शर्टाच्या. हातावर मांडून दाखवल्या. कुणी मध्ये जळून भोक पडलेली, कुणी वितळून मण्यासारखी गोळा झालेली.

"मावशी, दारू बी बरोबर, गोळी बी बरोबर. हितं बिघडलंय. भोवऱ्याला दोरी घट्ट गुंडाळावी लागती ना? तशी ही चिंधी. हिनं गोळीला पेचात धरून ठेवायचं. ही फाटली की गोळी सुटली. नायलॉन न्हाई चालत. पातळ न्हाई चालत. जाड, घट्ट विणीचं सुती पाहिजे. काका कशाची लावायचे?"

मी लगेच सांगितलं. "माझ्या लुगड्याची. मेला पदराकडून नाही फाडायचा, आतल्या टोकाकडून फाडायचा. नेसायला घेतलं की कळायचं. दर होळीला मी बोंबलायचे."

"बास की मग. त्यातलंच एखादं आणा."

"नाहीत आता."

"एक बी न्हाई?"

"नाहीत म्हटलं ना."

मग तो चिंध्या खिशात घालून उगाच खाडीकडे बघत बसला.

५ फेब्रुवारी

लुगडी बोहारणीला दिली. पाच. गुडघे धरायला लागल्यापासून गोल साडी नेसते, तर पेटीत ठेवून काय कसर पोसायची. जाड होती, चांगली होती, बोहारीण उलटी-सुलटी करून बघत होती. चारावर पिंप देईना. पाचवं घातलं तेव्हा दिलं. मी पण झाकण ओढून घेतलं, ते ती वेगळं धरत होती. स्टीलचं पिंप आहे, पंधरा किलो तांदूळ राहतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. सगळ्या जावांनी उघडून बघितलं.

ती संक्रांत दोन हजार पाचची.

हात दुखतोय. पुरे.

११ फेब्रुवारी, रविवार

पाच दिवस लिहिलं नाही. बोटं बरी आहेत. लिहिलं नाही.

आज पंचा लावून बघितला. सैल विणीचा, भोकं पडली. गादीचं कापड लावलं, एवढं जाड की गोळी आत जाईना, केरबाने गजावर लाकूड ठोकलं. शैलाच्या परकराचं लावलं, तिला विचारून. पसारा ताटापेक्षा थोडा कमी. थोडा कमी म्हणजे नारळ नाही.

ज्या होळीला चुकला त्या दिवशी सकाळी तो मोरीपाशी येऊन म्हणाला होता, "तुझी लुगडी कुठायत?" ओट्यावर दोन जावा बसल्या होत्या. मी म्हटलं, "का, नेसायचंय?" खूप हसल्या. मी पण. तो दोरीवरचा टॉवेल घेऊन गेला.

पिताना मी पाहिलं नाही. डोळे लाल होते. ते नेहमीच असायचे.

सांगायला काय झालं होतं? म्हणायचं, अनसूये, चिंधी लागते गोळीला. तोंड होतं की. चंपाकडे शिसं मागताना होतं. पापड उचलताना हात होते. मी काय बोहारणीच्या मागे धावले नसते? चौकातच होती ती तेव्हा दर आठवड्याला.

धावले असते. पिंप परत दिलं नसतं, पण एक लुगडं ओढून आणलं असतं.

१२ फेब्रुवारी

एक लुगडं आहे. पेटीत नाही, देव्हाऱ्यामागच्या फडताळात. कोरं. माझ्या मरणाचं. तिरडीवर घालायला बायका बाजूला काढून ठेवतात तसं. पंधरा वर्षांपूर्वी मीच निवडून घेतलं, तेव्हा असली जाड मिळायची. शैलाला जागा दाखवून ठेवलीय, माझं काही झालं की शोधाशोध नको.

ते जमिनीवर पसरलं आणि कात्री मागितली.

शैला म्हणाली, "आई, ते नका कापू. अहो, ते तुमचं..."

"माहितेय कशाचं ते. मेल्यावर मला नायलॉन घाला. कोण उठून बघणार आहे?"

ती आत गेली. मला वाटलं जितूला फोन करायला. तर हातातली जुनी काचेची बांगडी आणि पेन्सिल घेऊन आली. बांगडी कापडावर ठेवून गोल काढत गेली, मी कापत गेले. म्हणाली, "चौकोनी चिंधीचे कोपरे एका बाजूला जास्त येत असतील ना? गोल बरी." केरबालाही हे सुचलं नव्हतं. मी तिला काही म्हटलं नाही. एकदम डोक्यावर बसायला नको.

१८ फेब्रुवारी, रविवार

गेलं सगळं मुसळ केरात. पसारा परातीएवढा. ताटावरून परत परातीवर. मी बंदूक बेळक्यावर टेकवून मटकन बसले आणि म्हटलं, घेऊ दे उत्तमला. केरबाने चिंधी उचलली, बोटात चुरगाळली. कडकड वाजली.

"मावशी, धुतलंय का हे?"

कोरं होतं. खळ तशीच. पन्नास वर्षं लुगडी नेसले, कोरं लुगडं अंगाला टोचतं म्हणून तीनदा धुतल्याशिवाय नेसले नाही. आणि गोळीला तसंच घातलं. मरणाचं म्हणून धुवायचं डोक्यातच आलं नाही. मढ्याला कुठे टोचतं.

२० फेब्रुवारी

लुगड्याच्या चिंध्या सोडा घालून उकळल्या, तीनदा आपटल्या, सावलीत वाळवल्या. मऊ झाल्या. खोबरेल चोळलं. पाऊण माप, चंपाचं शिसं, शैलाच्या बांगडीची चिंधी.

पाच गोळ्या. पाचही माझ्या तळहाताखाली झाकल्या.

केरबाने पुढे पडलेल्या चिंध्या आणून दाखवल्या. काळ्या झालेल्या, पण अखंड. सगळ्या. तो म्हणाला, "आता बंदुकीत काय चूक न्हाई. आता चुकलं तर तुम्ही चुकलात."

म्हटलं, "तेच पाहिजे होतं."

२१ फेब्रुवारी

झोप नव्हती. चिंधीमुळे ताटाचा तळहात होतो. मग टॉवेलाने तळहाताचं ताट होणारच. ती शर्टाच्या चिंधीची गोळी भलतीकडे गेली तेव्हा मी शुद्धीत होते. एक थेंब घेतला नव्हता.

एवढंच लिहायचं होतं.

२६ फेब्रुवारी

उत्तम आला. ओट्याखालीच थांबला, पण चपला घालूनच. त्याच्या कानावर गेलंय. आवाज मवाळ. "काकी, तू बायमानूस. चुकलीस तं काकाची पन लाज, तुजी पन. त्यापेक्षा मान सोड, आमी नारळाचा पयला तुकडा तुज्या घरीच धाडू. दर साली."

"तुकडा धाडशील. काय म्हणून?"

"म्हंजे?"

"भीक म्हणून का मान म्हणून?"

मग जाताना जे पोटात होतं ते बोलला. "काका तरी उभा राहून मारायचा. तू तं बेळकं लावतंस. चालनार न्हाय."

"नेम गोळीचा बघायचाय का माझ्या कमरेचा? पंचांना विचार. आणि तुझ्या बापाला विचार, माझे सासरे शेवटची पाच वर्षं कशावर नळी टेकवायचे. तुझ्या बापाच्याच खांद्यावर. कान गेला त्याचा तो त्यातच."

पंचांनी बेळक्याला हो म्हटलं. दिराने स्वतः जाऊन सांगितलं म्हणे. ऐकू कमी येतं त्याला, पण ह्या वेळी बरोबर ऐकलं.

४ मार्च, रविवार, धुळवड

काल होळी झाली. सगळं लिहिते.

नारळ बांधला तो बघूनच कळलं. उत्तमने बाजार फिरून निवडलेला असणार. एवढुसा. माझ्या मुठीपेक्षा जरा मोठा. मी काही बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, म्हातारी आधीच कारणं सांगतेय.

सगळी आळी जमली. इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या, गुजराती, मारवाडी, सगळे. उत्तमची पोरं मोबाइलवर फोटो काढायला. जितू आला. मी बोलावलं नव्हतं. ऑफिसची पँट, वर पांढरा शर्ट, माझ्या डाव्या बाजूला दोन पावलं मागे येऊन उभा राहिला. बाप नारळ फोडायचा तेव्हा लहानपणी तिथेच उभा राहायचा.

पाऊण माप. दारू ओतली. खिशातून चिंधी काढली, गोळी बसवली, ठासली. गज त्याच्यावरच्या खुणेपर्यंत आत गेलेला बघितला. कुणीतरी म्हणालं, "काकी, मसाला वाटतंस काय?" हसले. केप बसवली. बेळक्यावर नळी. चष्मा पुसला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी नारळाच्या पोटाखाली आणली. वारा खाडीकडून होता, थांबले. वारा पडला. चाप दाबला.

धुराने काही दिसेना. आधी आवाज आला, करवंटी दगडावर पडल्याचा. मग धूर गेला. दोरीला नुसती शेंडी लोंबत होती आणि होळीच्या लाकडांवर पाणी गळत होतं.

ओरडली सगळी. जितू माझ्या खांद्याला हात लावायला आला, म्हटलं त्या खांद्याला नको. केरबाने लांबूनच सलाम ठोकला, बँकेत साहेब आल्यावर ठोकतो तसा. शैला मोठ्याने रडली. तिची बांगडी होती ना.

तेवढ्यात पंचांतला थोरला म्हणाला, चांगलं म्हणायच्या सुरात, "आत्मारामापेक्षा ही बाय बरी. निदान पिऊन तं न्हाय आली." आणि सगळे हसले. ओट्यावर जावा हसल्या होत्या तसंच हसले.

मी हसले नाही. घरी आले.

मानाचा पहिला तुकडा पानात घालून उत्तमलाच आणावा लागला, रीतच आहे. चपला पायरीखाली काढल्या. एक सरळ, एक उलटी, पण काढल्या. तुकडा पुढे केला. मी घेतला नाही.

"वहीत दोन हजार पाचच्या पानावर काय लिहिलंय?"

होळीची आळीची वही त्याच्याकडे असते. दर वर्षी कुणी फोडला ते लिहितात. त्याला माहीत होतं, मला पण. लिहिलंय, आत्माराम, दारू पिऊन चुकला.

"ते खोड."

"काकी, आता दोन वर्सांनी? पंच विचारतील ना, मंग चुकला कशानं? त्याचं उत्तर कोन देनार?"

"बैठक कधी?"

"गुरुवारी. रंगपंचमीला."

"तुकडा इथे ठेव. गुरुवारी झाल्यावर खाईन."

पिंपाच्या झाकणावर ठेवलाय. मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली पाण्याची थाळी.

बंदूक साफ केली. नळीत गरम पाणी, मग तेल. एक चिंधी उरली होती, ती मापात घालून ठेवली. वेळूच्या कांड्यावर बाहेरून पण शाईने खूण केली, पाऊण, आणि अक्षरात लिहिलं. शैलाला दाखवलं. शिसं कुणाचं, चिंधी कशाची, किती वेळा धुवायची, सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. पोटात घेऊन मरायची पद्धत ह्या घरात बंद.

आता गुरुवारचं. त्या होळीला गोळी खाडीत गेली, सगळे गप्प होते. एवढे गप्प की पाण्याचा आवाज येत होता. तेव्हा बायकांतून एक आवाज आला, "प्यालाय मेला." मग सगळेच म्हणायला लागले. पहिला आवाज कुणाचा ते आळीत कुणाला आठवत नाही. मला आठवतं. माझाच होता. त्याने वळून बघितलं होतं. टॉवेलाची जळकी चिंधी त्याच्या पायाशी पडली होती, ती त्याने उचलून खिशात घातली आणि काही बोलला नाही. श्रावणापर्यंत बोलला नाही.

आत्माराम. हे घे, लिहिलं नाव.

तर गुरुवारी असं करायचं. जितूने मान खाली घालायची नाही. शैलाने मध्ये पडायचं नाही, सासू म्हातारी आहे वगैरे तर अजिबात म्हणायचं नाही. केरबाने चिंध्या दाखवायच्या, पण विचारलं तरच. उत्तमने वही उघडून पेन हातात धरून बसायचं, चपला बाहेर. आणि काका कशाने चुकला म्हणून पंचांनी विचारलं की दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. उत्तर अनसूयेने द्यायचं. पिंप बरोबर घेऊन, उभं राहून.